संतोष आधी, आज्ञा नंतर

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात येशूचा बाप्तिस्मा पहिल्याच अध्यायात येतो. यार्देन नदीतून तो वर येतो आणि आकाशवाणी होते, की तू माझा परमप्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे. मार्काच्या कथनात इथवर त्याने एकही आजारी माणूस बरा केलेला नाही, एकही दाखला सांगितलेला नाही, एकाही शिष्याला हाक मारलेली नाही. पित्याचा संतोष आधी जाहीर होतो, काम नंतर सुरू होतं.

दहा आज्ञांचंही तसंच. निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पहिल्या आज्ञेआधी एक वाक्य आहे आणि पाठांतरात ते बहुधा गळतं: तुला मिसर देशातून, दास्यगृहातून बाहेर काढणारा परमेश्वर तुझा देव मी आहे. म्हणजे गुलामीतून सुटका झाली, समुद्र ओलांडून झाला, रानात मान्ना, म्हणजे देवाने रोज पुरवलेलं अन्न, मिळू लागला, आणि त्यानंतर सीनाय पर्वतावर नियम आले. नियम पाळलेत म्हणून सोडवतो, असं देव कुठेच म्हणाला नाही. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात प्रेषित पौल हीच मांडणी तीन वचनांत बसवतो. आठव्या आणि नवव्या वचनात कृपेने तारण, कर्मांमुळे नव्हे, म्हणून कुणी बढाई मारू नये. आणि दहाव्यात ती सत्कर्मं, ज्यांच्यासाठी आपण घडवले गेलो.

देवाला आवडेल असं कसं जगावं, असं विचारलं की उत्तरादाखल यादी मिळते. प्रार्थना करा, वचन वाचा, दान द्या, क्षमा करा, खोटं बोलू नका. यादीत चूक काहीच नाही. विश्वासात वर्षानुवर्षं असलेल्या माणसांच्या आयुष्यात जे बिघडतं ते बहुतेकदा यादीतलं काही राहून गेल्यामुळे बिघडत नाही, क्रम उलटा झाल्यामुळे बिघडतं. पवित्र शास्त्र मात्र क्रमाविषयी कमालीचं काटेकोर आहे. आधी काय, मग काय, हे ते पुन्हा पुन्हा सांगतं.

संतोष आधी, काम नंतर हा पहिला क्रम उलटला आहे का, हे ओळखायची एक साधी खूण आहे. हातून पाप घडल्यावर माणूस देवाजवळ जातो की त्याला टाळतो? 'आता कुठल्या तोंडाने प्रार्थना करू' म्हणून जो चार दिवस प्रार्थना थांबवतो, त्याच्या मनात देवाचा संतोष हा पगारासारखा आहे: काम केलं तर मिळणार, खाडा झाला तर कापला जाणार. अशा माणसाचे बरे आठवडे आणखी धोक्याचे. त्या आठवड्यांत तो शेजारच्या बाकावरच्या माणसाची हजेरी मोजू लागतो. इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या अध्यायातला आशीर्वाद या दोन्हींवर उतारा आहे. देवाच्या दृष्टीने जे आवडतं ते तो स्वतःच येशू ख्रिस्ताच्या द्वारे आपल्या ठायी करतो, असं तिथे म्हटलं आहे. आपण हातपाय हलवायचेत हे खरं, पण बळ उसनं आहे हे विसरून नाही.

आता प्रत्यक्ष वागण्याकडे. देवाला संतोषवण्यासाठी कसं वागावं, या प्रश्नाला थेट हात घालणारा उतारा म्हणजे थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्राचा चौथा अध्याय. हे पत्र साधारण इसवी सन 50–51 मधलं, नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लिखाणांपैकी एक. ती मंडळी, म्हणजे तिथला विश्वासणाऱ्यांचा समूह, अगदी कोवळी होती. पौलाला तिथून घाईने निघावं लागलं होतं. अशा नवख्यांना तो काय सांगतो? जारकर्मापासून दूर राहा, या बाबतीत कुणा भावाचा गैरफायदा घेऊ नका. एकमेकांवर प्रीती करता आहात, ती अधिकाधिक करा. आणि मग: स्वस्थ राहा, आपापला व्यवसाय सांभाळा, आपल्या हातांनी काम करा, म्हणजे बाहेरच्या लोकांशी सभ्यतेने वागाल आणि तुम्हाला कशाची गरज पडणार नाही. डोळे दिपवील असं यात काही नाही. शरीर, नाती, चार घास मिळवण्याचं काम आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक न खुपसणं, बस. काहींनी, बहुधा प्रभूचं येणं जवळ आहे या भरात, काम सोडलं होतं आणि लुडबुड मात्र सुरू ठेवली होती, हे दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात कळतं. जो काम करू इच्छित नाही त्याने खाऊही नये, हे वाक्य तिथलंच. त्यात 'इच्छित नाही' हे शब्द महत्त्वाचे आहेत. ज्याला काम मिळत नाही किंवा झेपत नाही, त्याच्या तोंडावर ते फेकणाऱ्यांनी आधी वचन नीट वाचावं.

क्रमाचं सर्वांत अवघड उदाहरण मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. तू वेदीजवळ अर्पण आणलंस, आणि तिथे तुला आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. दोन गोष्टी नजरेतून निसटतात. एक, तक्रार भावाची आहे. माझ्या मनात कुणाविषयी राग आहे का, हे मी तपासतो आणि 'माझ्या मनात काही नाही' म्हणून मोकळा होतो. येशू मात्र त्याच्या मनात काय आहे ते विचारतो. दुसरी गोष्ट भूगोलाची. हे ऐकणारे बरेच लोक गालीलातले, आणि वेदी यरुशलेमात. मधलं अंतर शंभर किलोमीटरहून जास्त, पायी कित्येक दिवसांचं. जनावर वेदीपाशी सोडून घरी जायचं, भावाशी बोलायचं आणि पुन्हा यायचं म्हणजे आठवडाभराचा खोळंबा. ऐकणाऱ्यांना हे कळत होतं. उपासना खोळंबली तरी चालेल, पण माणूस आधी.

समेटाला जाताना काय करायचं, तेही शास्त्र मोघम ठेवत नाही. लेवीयाच्या सहाव्या अध्यायात प्रसंग दिले आहेत: ठेव गिळली, लुबाडलं, शेजाऱ्याला नाडलं, कुणाची हरवलेली वस्तू सापडली आणि खोटं बोलून ठेवून घेतली. उपाय असा की मूळ वस्तू पूर्ण परत करायची, वर पाचवा हिस्सा घालायचा, आणि दोषार्पणाच्या, म्हणजे अपराधाबद्दलच्या अर्पणाच्या, दिवशीच ती मालकाच्या हाती द्यायची. मेंढा अर्पण करण्याचा उल्लेख त्यानंतर येतो. दहा हजार दाबले असतील तर बारा हजार परत. ज्याचं नुकसान केलं तो मेला असेल आणि घ्यायला जवळचा नातलगही उरला नसेल, तर ती रक्कम याजकाकडे जमा करायची, हे गणनाच्या पाचव्या अध्यायात सांगितलं आहे. पैसे कुठल्याही परिस्थितीत चुकवणाऱ्याच्या खिशात राहू द्यायचे नाहीत. जक्कय हा जकातदार उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत. चोरलेल्या मेंढरासाठी निर्गमात चौपटीचा दंड आहे. त्याने तो स्वतःच स्वतःला लावला. आणि पुन्हा क्रम बघा: येशू 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे' म्हणाला, त्यानंतर जक्कयचा हिशोब बाहेर आला.

क्षमा मागणं बिघडतं ते शब्दांत. 'तुला वाईट वाटलं असेल तर' या वाक्याने दोष समोरच्याच्या वाटण्यावर जातो. 'पण तूसुद्धा' आलं की माफी संपली आणि भांडण सुरू झालं. नीट मागायची तर मी अमुक दिवशी अमुक केलं हे स्पष्ट म्हणावं. त्याने तुझं काय नुकसान झालं ते आपणच बोलावं. भरपाई कशी करू ते विचारावं. आणि गप्प बसावं. लगेच क्षमा मिळावी असा आग्रह धरू नये. बायबलचा दाखला देऊन 'तुला क्षमा करावीच लागेल' म्हणणं ही तर दुसरी जबरदस्ती झाली. कुणाला मारहाण किंवा छळ केलेला असेल, तर समोर जाऊन उभं राहणं हाच त्या व्यक्तीला नवा त्रास ठरू शकतो. तिथे लांब राहणं, कायद्याला सामोरं जाणं आणि भरपाई दुसऱ्यामार्फत पोहोचवणं हाच समेटातला आपला वाटा.

याच्या उलट बाजूचा, म्हणजे आपल्याविरुद्ध कुणी अपराध केला तर काय, याचा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. आधी तू आणि तो, दोघेच. ऐकलं नाही तर आणखी एक-दोघांना घेऊन जा. तरीही नाही तर मंडळीला सांग. व्यवहारात पहिली पायरी गाळली जाते. आधी मैत्रिणीला, मग बहिणीला, मग प्रार्थनेच्या गटाला, आणि ज्याला सांगायचं तो सोडून सगळ्यांना. 'प्रार्थनेसाठी सांगते हं' या प्रस्तावनेखाली जेवढी चहाडी खपते तेवढी दुसऱ्या कशाखाली खपत नसेल. कसोटी सोपी आहे. जिच्यासाठी प्रार्थना मागतो आहोत ती व्यक्ती गटात असती, तर हेच, एवढंच आणि अशाच शब्दांत सांगितलं असतं का? नसेल, तर नाव आणि तपशील गाळून प्रार्थना मागावी. देवाला पत्ता लागतो. मात्र मुलांवरचे अत्याचार, हिंसा, गुन्हा अशा बाबतीत 'आधी एकट्याने जाऊन बोल' हा सल्ला कुणी देऊ नये. तिथे पहिली पायरी म्हणजे पीडिताची सुरक्षितता आणि पोलीस. मंडळीची अब्रू झाकायला हा अध्याय वापरला गेला, की मेंढरू हरवतं आणि मेंढपाळ लपवालपवीत गुंततो. हरवलेल्या मेंढराचा दाखला याच अध्यायात, या पायऱ्यांच्या अगदी आधी आहे.

पैशाबाबतही क्रम लागतोच. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात पौलाची सूचना एका वाक्यात मावते: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने, आपल्या प्राप्तीप्रमाणे, बाजूला काढून ठेवावं. कधी, कुणी, किती आणि कसं, सगळं आलं. महिन्याच्या शेवटी उरेल ते देवाला, असं ठरवलं की उरत काहीच नाही. खर्च हातात असलेल्या रकमेएवढा पसरतोच. म्हणून पैसे हाती येतील त्या दिवशी वेगळे काढायचे, वेगळ्या पाकिटात किंवा वेगळ्या खात्यात. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, ही अनेकांची सुरुवात असते आणि ती चांगली सुरुवात आहे. पण नवा करार टक्क्यावर न थांबता प्रमाणावर येतो. नसलेल्यातून द्यावं अशी अपेक्षा नाही, असलेल्याप्रमाणे दिलेलं मान्य होतं, असं दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी अठराव्या शतकातल्या एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशोब दिला आहे. वर्षाला 30 पौंड मिळत तेव्हा 28 वर भागवून त्याने 2 दिले. दुसऱ्या वर्षी 60 मिळाले. खर्च 28 च ठेवून 32 दिले. पुढे 90 मिळाले तेव्हा 62, आणि 120 मिळाले तेव्हा 92. टक्केवारी वाढत गेली, कारण त्याने गरजेची रेघ आधी आखली होती. संसार असलेल्याला हे जसंच्या तसं जमणार नाही, पण मिळकत वाढली की राहणीमान आपोआप वाढलंच पाहिजे हा समज तेवढा मोडतो.

मात्र देवाचा वाटा आधी काढायचा म्हणून कुणाचा हक्काचा वाटा अडवायचा नाही. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू 'कुर्बान'ची पळवाट उघडी पाडतो. आईबापांना देणं लागणारी रक्कम 'ही देवाला वाहिली' म्हणून जाहीर करायची, की त्यांच्यासाठी काही करायला नको. तीमथ्याला पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात उलट बाजू आहे: मुलांनी आणि नातवंडांनी वडीलधाऱ्यांचे उपकार फेडायला शिकावं, कारण हे देवाला आवडतं. देवाला काय आवडतं याचा इतका उघड उल्लेख, आणि तो म्हाताऱ्या माणसांच्या औषधपाण्याविषयी! मंडळीच्या इमारत निधीत मोठी देणगी आणि आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन पुढच्या वर्षावर, हा हिशोब पाटीवर कोरलेल्या नावाने सरळ होत नाही. तीच गोष्ट मजुरीची. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात दरिद्री मजुराचं वेतन त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितलं आहे, मग तो आपल्यातला असो की परका. कारण त्याचं लक्ष त्याकडे लागलेलं असतं. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार 'सुट्टे नाहीत' म्हणून आठवडाभर रेंगाळवणाऱ्या घरातलं भजन कितीही सुरेल असलं तरी याकोबाच्या पत्राप्रमाणे देवाच्या कानी वेगळाच आवाज जातो: अडवलेल्या मजुरीचा.

प्रार्थनेतला क्रम येशूने स्वतः घालून दिला आहे. प्रभूच्या प्रार्थनेत आधी देवाचं नाव, मग त्याचं राज्य, मग त्याची इच्छा. रोजची भाकर चौथ्या विनंतीत येते. त्यानंतर क्षमा आणि परीक्षेपासून राखणं. आपण सहसा चौथीपासून सुरू करतो आणि तिथेच संपवतो. पहिल्या तिन्हींवर आधी थांबलं की चौथीतल्या मागण्या आपोआप चाळल्या जातात. काही तिथेच गळून पडतात, काहींचा सूर बदलतो. प्रार्थना सुटते ती भक्ती कमी पडल्याने क्वचितच. बहुतेकदा वेळ आणि जागा ठरलेली नसते, किंवा सुरुवातच तासाभराच्या संकल्पाने केलेली असते. रोज ठरलेल्या वेळी पंधरा मिनिटं, फोन दुसऱ्या खोलीत, आणि शब्द सुचत नसतील तर एक स्तोत्र मोठ्याने. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं भरपूर आहेत, आणि अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. उसना आनंद आणून प्रार्थना करायची सक्ती देवाने केलेली नाही.

वाचनाचं गणित पाहिलं तर संपूर्ण बायबलमध्ये 1,189 अध्याय आहेत. वर्षभरात संपवायचे तर रोज तीनहून थोडे जास्त. जानेवारीत उत्पत्ती आणि निर्गम झरझर जातात, लेवीयात गाडी अडते, चुकलेले अध्याय साठत जातात आणि थकबाकीच्या ओझ्याखाली वाचन बंद पडतं. नवा करार मात्र 260 अध्यायांचा, म्हणजे आठवड्यात पाच दिवस एकेक अध्याय वाचला तर बरोबर 52 आठवडे. शनिवार-रविवार राहिलेलं भरून काढायला मोकळे. आणि तरीही मागे पडलो तर मागचं सोडून आजच्या तारखेवर यावं.

उपासाविषयी थोडंच. चेहरा धुवा, डोक्याला तेल लावा, लोकांना कळू देऊ नका, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे. आणि उपास करून कामगारांना पिळता, भांडता, हा यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायातला ठपका आहे. एका जेवणापासून सुरुवात करावी, पाणी प्यावं, वाचलेल्या अन्नाची किंमत त्याच दिवशी भुकेल्यापर्यंत पोहोचवावी. मधुमेही, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, वेळेवर औषध घेणारे आणि खाण्याशी आधीच झगडणारे यांनी अन्न सोडून दुसरं काही सोडावं. उपासाच्या दिवशी घरच्यांवर चिडचिड वाढत असेल तर तो उपास घरचे करत आहेत असं समजावं.

शास्त्रात थेट आज्ञा नाही अशा गोष्टींचं काय? रोमच्या मंडळीत मांस खावं की भाजीच खावी, अमुक दिवस पाळावा की नाही, यावरून तट पडले होते. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल निकाल देत नाही. निकाल कसा लावायचा ते सांगतो. आधी प्रत्येकाने आपल्या मनाची पुरी खात्री करून घ्यावी. खात्री नसताना केलेलं पाप ठरतं. मग आपल्या मोकळेपणाने दुसऱ्याला ठेच लागते का ते पाहावं. इथे ज्याचा विश्वास बळकट, त्यानेच जास्त आवरायचं आहे. आजच्या मंडळ्यांत बळकट कोण यावर वाद होतो आणि आवरायचं कुणी हे तसंच राहतं. देवाचं राज्य खाण्यापिण्यात नाही, नीतिमत्त्व, शांती आणि पवित्र आत्म्यातला आनंद यांत आहे. अशा रीतीने ख्रिस्ताची सेवा करणारा देवाला आवडतो, असं पौल त्याच ओघात म्हणतो.

हे सगळं रोज कुठे चुकलं ते पाहण्यासाठी जेझुइट या कॅथॉलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात आखलेली पाच पायऱ्यांची तपासणी अजूनही कामाची आहे, आणि ती कॅथॉलिक नसलेल्यांनाही वापरता येते. पहिली पायरी उपकारस्तुतीची, कबुलीची नव्हे. दुसरी, आपलं खरं रूप दिसावं म्हणून कृपा मागणं. तिसरी, उठल्यापासून आतापर्यंतचे तास एकामागून एक पाहणं. चौथी, क्षमा मागणं. पाचवी, सुधारणेचा निश्चय. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पहिली पायरी गाळून थेट चौथीवर उडी मारणारे आठवड्याभरात कंटाळतात, कारण रोज रात्री स्वतःला झोडपायला कुणाला आवडेल? पाचवी पायरी मोघम ठेवणारे तेच पाप महिनोन्‌महिने कबूल करत राहतात. 'उद्यापासून रागावणार नाही' हा निश्चय नाही. 'उद्या सकाळी मुलाचं दप्तर भरताना आवाज चढायला लागला की खोलीबाहेर जाईन' हा निश्चय. आणि रात्री डोळे मिटत असतील तर हीच तपासणी दुपारी करावी. एखाद्या विशिष्ट दोषावर लक्ष ठेवण्यासाठी इग्नेशियस यांनी दुपारच्या जेवणानंतरची वेळही सांगितली होती. तिचा एक व्यावहारिक फायदा आहे: चूक सापडलीच तर ज्याच्याशी चुकलो त्याला फोन करायला अजून अर्धा दिवस हातात असतो.